आवाज गेला रे

आमच्या व्हॅनला बॉनेट म्हणावं असं काही नाही. इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. ते बघायचं तर आधी सीटवरचा माणूस उठवायचा, पायाखालची चटई गुंडाळायची, खटके सोडायचे आणि सीट मागे कलंडवायचं. बसलेल्याला उठवल्याशिवाय दुरुस्ती नाही. उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला गेलं की खालून अशी ऊब येते की आई म्हणायची, ‘‘ह्या गाडीत बसायचं म्हणजे चुलीच्या ओट्यावर बसायचं.’’

ऑक्टोबरातला रविवार. पाऊस ओसरलाय, आंगणातल्या चिऱ्यांवरचं शेवाळ वाळून काळं पडलंय. खालच्या वाड्यावरची मुलं नरकासुराच्या सांगाड्यासाठी बांबू तासतायत. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, भोंगा वाजवत गेला आणि मी त्याच्याकडून उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायला उठलोच नाही, कारण दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. दर वर्षी हाच एक दिवस मी राखून ठेवतो. पावसाळ्याचे चार महिने गाडीने काढले की चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आणि दिवाळी यांच्यामधल्या एका सकाळी तिला तुळशीपाशी उभी करायची आणि गार इंजिनाचे टॅपेट तपासायचे.

गार इंजिनाचे. हे एवढं मला कळायला एक व्हॉल्व्ह जाळावा लागला.

गाडी 1986 सालची मारुती व्हॅन. तेव्हा तिला नुसतं व्हॅनच म्हणत. ‘ओम्नी’ हे नाव 1988 मध्ये आलं. नंबरप्लेटवर अजून ‘जीडी’ने सुरू होणारा क्रमांक आहे. जीडी म्हणजे गोवा, दमण आणि दीव. 30 मे 1987 रोजी गोवा राज्य झालं, दमण आणि दीव वेगळे पडले, पण गाडीच्या कपाळावरचा तो केंद्रशासित प्रदेश काही पुसला गेला नाही. नाक्यावर एखादा तरुण पोलीस प्लेट बघून थांबवतो, कागद मागतो, आणि आपल्या जन्माआधीची तारीख बघून परत देतो. लोक तिला विंटेज म्हणतात तेव्हा मी दुरुस्त करत नाही, पण सरकारी नियमाने विंटेज व्हायला पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात. म्हणजे 2036. तोपर्यंत ती नुसतीच जुनी, आणि दर पाच वर्षांनी आपण धडधाकट असल्याचं सिद्ध करायला आरटीओच्या आवारात उभी राहणारी. शिवाय एका पिढीच्या हिंदी सिनेमांनी माणसं पळवायची गाडी म्हणून हिची अशी बदनामी केलीय की सरकता दरवाजा जोरात ओढला तर पाहुण्यांच्या पोरांना अजून हसू येतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी मराठी शाळेत मास्तर. कुळागराच्या, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेच्या, वाटणीचे पैसे हातात आले तेव्हा त्यांच्या वयाचे लोक घरावर स्लॅब टाकत होते. यांनी गाडीसाठी नंबर लावला. कारण एकच: पेटी. अण्णा भजनाला आणि जत्रेतल्या नाटकांना पेटीची साथ करायचे, आणि आमच्या गावाहून, साखळीहून, रात्री नऊला कुठल्या तरी देवळाच्या प्राकारात पोचायचं, पहाटे परत यायचं, तर बसचा काही उपयोग नव्हता. सुरुवातीला पेटी आणि अण्णा एवढेच जात. मग तबला, मग तबलजी, मग विगांची ट्रंक, मग राजाचं सिंहासन. मी पाचवी-सहावीत असताना सिंहासनावर बसून पेडण्यापर्यंत गेलोय. एक नियम होता. पेटी कधीही पुढे ठेवायची नाही. इंजिनाच्या उबेने सरस सुटतो, भात्याचं कातडं आवळतं. माणसं पुढे, पेटी मागे, सतरंजीत गुंडाळून.

दुरुस्त्यांची नोंद ते चौकटीच्या गणिताच्या वहीत करत. एका बाजूला तारीख, मग किलोमीटर, मग काम, मग पैसे. अक्षर फळ्यावरचं. ‘ऑइल बदलले, फिल्टर नवा.’ ‘प्लग साफ. 2 नंबरचा काळा.’ ‘पॉइंट घासले.’ आणि पहिल्याच पानावर, चौकोन करून: ‘टॅपेट थंड 0.15.’ त्यापुढे काही नाही. मिलिमीटर असंही नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल, ह्या भरवशावर लिहिलेलं. मला कळलं नव्हतं.

आता इंजिनाबद्दल दोन शब्द, नाहीतर पुढचं अधांतरी राहील. हे इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह: एक हवा-पेट्रोल आत घेणारा, एक जळका धूर बाहेर सोडणारा. वरती एक कॅमशाफ्ट फिरतो, त्याचे उंचवटे रॉकरचं एक टोक उचलतात, रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्हला खाली ढकलतं. लहान मुलांचा सी-सॉ असतो तसं. ह्या दुसऱ्या टोकात एक छोटा स्क्रू असतो, त्यावर नट. स्क्रू आणि व्हॉल्व्हचं डोकं यांच्यात, व्हॉल्व्ह मिटलेला असताना, केसाएवढी फट ठेवायची असते. तीच फट म्हणजे टॅपेटचं सेटिंग. इंजिन चालू झालं की ती फट मिटताना प्रत्येक वेळी टिक् असा आवाज होतो. सहा व्हॉल्व्हचे सहा टिक् मिळून एक बारीक टिकटिक तयार होते. जुन्या मारुतीच्या मागे चालत गेलेल्या कुणालाही तो आवाज माहीत आहे.

मला तो सहन होत नसे. मी तेव्हा रोज पणजीला नोकरीला जात होतो, गाडी माझ्याकडे आली होती, आणि ऑफिसातल्या लोकांच्या नव्या गाड्या सिग्नलला उभ्या असताना चालू आहेत की बंद तेही कळत नसे. माझी मात्र शिवणयंत्रासारखी. 2009 सालच्या फेब्रुवारीत एका शनिवारी म्हापशाहून बाजार करून आलो, सीट कलंडवली, टॅपेट कव्हर काढलं आणि गरम इंजिनावरच स्क्रू पिळायला बसलो. फट मोजायचा फिलर गेज घरात होता. अण्णांच्या कपाटात, तेलकट फडक्यात बांधलेला. पण तो शोधायचा कंटाळा केला. रॉकर बोटाने वरखाली हलवायचा, खटखट लागली की स्क्रू आवळायचा, खटखट लागेनाशी झाली की नट घट्ट. सहाच्या सहा. वीस मिनिटांत आटोपलं. कव्हर लावलं, गाडी चालू केली. काय सांगू, अशी गुळगुळीत चालली की मला वाटलं, उगाच लोक मेस्त्रींना पैसे देतात.

संध्याकाळी अण्णांना मुद्दाम फिरवून आणलं. विठ्ठलाच्या देवळापर्यंत जायचं आणि यायचं. येताना वाळवंटीच्या पुलावर ते म्हणाले, ‘‘आवाज गेला रे.’’

‘‘गेला ना!’’ मी म्हटलं. अगदी छाती फुगवून.

ते पुढे काही बोलले नाहीत. मी ते कौतुक समजलो. अण्णा कौतुक करताना कमीच बोलत, म्हणून गैरसमज आणखी पक्का झाला. नंतर किती तरी वर्षांनी मला सुचलं की पेटीवाल्याच्या तोंडी ‘आवाज गेला’ म्हणजे काय. एखाद्या पट्टीचा आवाज गेला की पेटी उघडावी लागते.

त्याच मे महिन्यात पेटी बेळगावला न्यायची होती. काळी दोनच्या आसपासचे सूर बसले होते, भाताही बदलायचा होता. अण्णा पुढे, पेटी मागे सतरंजीत. केरी सोडलं, अंजुण्याच्या धरणाचं पाणी उन्हात पितळेसारखं चमकत होतं, आणि चोर्ला घाट सुरू झाला. दुसरा गियर, एकसारखा चढ, बाहेर ऊन आणि आत चूल. चौथ्या की पाचव्या वळणावर गाडी एकदम जड झाली. ब्रेक लावून चालवतोय असं वाटावं तशी. मग थरथर सुरू झाली. सीट, आरसा, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळंच. मागून दर ठोक्यागणिक फुस्, फुस् असा आवाज. तीन सिलिंडरमधला एक गेला की काय होतं ते ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको. चार सिलिंडरची गाडी लंगडत का होईना चढते. तिनाची गाडी दोनावर घाट चढत नाही.

मी कडेला घेतली. अण्णांनी खाली उतरून आधी मागचा दरवाजा उघडला आणि पेटी बघितली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘दुसऱ्या गियरात उतर. न्यूट्रल नको.’’ तेवढंच. आम्ही तसेच, इंजिनाच्या धाकाने गाडी धरत, फुसफुसत साखळीला उतरलो. पेटी त्या वर्षी बेळगावला गेलीच नाही. चवथीच्या आरत्या दोन सूर मुके ठेवून वाजल्या, आणि त्यांतला कुठला सूर कधी लागणार होता ते मला प्रत्येक आरतीत कळत होतं.

मेस्त्रीचं गॅरेज म्हणजे एक आंब्याचं झाड आणि दोन पत्रे. त्याने गाडीत काही उघडलं नाही. चालू ठेवायला सांगितली, अण्णांच्या पेपराची एक पट्टी फाडली आणि मागे सायलेन्सरच्या तोंडापाशी धरली. कागद बाहेर फडफडायला हवा. तो फडफडत होता आणि मध्येच एकदम आत ओढला जात होता. पाइपाला चिकटायचा, सुटायचा. ‘‘एक्झॉस्ट,’’ मेस्त्री म्हणाला. धूर सोडणारा व्हॉल्व्ह नीट मिटत नसला की पिस्टन खाली जाताना त्याच वाटेने उलटी हवा ओढतो. चार आण्याच्या कागदाने निदान झालं, पण मला पटवायला म्हणून त्याने कॉम्प्रेशनचं मीटरही लावलं. तिन्ही प्लग काढले, मीटर प्लगच्या भोकात घातलं, ॲक्सिलरेटर पुरा दाबून स्टार्टर मारायला लावला. एक आणि तीन नंबरला काटा 11 च्या आसपास गेला. दोन नंबरला 5 वर अडला. मग त्याने त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मीटर लावलं. रिंगा झिजल्या असतील तर तेलाने फट भरते, काटा चढतो. चढला नाही. म्हणजे गळती खाली नाही, वर आहे.

हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवलं. मेस्त्रीने व्हॉल्व्ह माझ्या तळहातावर ठेवला. एवढासा, मोठ्या अळंबीसारखा. टोपीची कड एका जागी खाल्लेली, उंदराने खोबऱ्याची वाटी कुरतडावी तशी. तेवढ्या खाचेतून प्रत्येक स्फोटाची ज्वाळा बाहेर पडत होती आणि जाता जाता ती खाच वाढवत होती.

‘‘टॅपेट कोणें केले?’’

मी केल्याचं कबूल केलं. आवाज येत होता म्हणून, असंही सांगितलं.

‘‘वाजता तो बरो,’’ तो म्हणाला. ‘‘ओगी रावता तो गाडी खाता.’’

वाजतो तो बरा, गप्प राहतो तो गाडी खातो. मग हातातलं फडकं झटकत त्याने मला जे सांगितलं ते मी पुढे पुस्तकांतून ताडून बघितलं, आणि ते अक्षरन्‌अक्षर बरोबर निघालं. धूर सोडणारा व्हॉल्व्ह चढावर लालभडक होण्याइतका तापतो. त्याने थंड व्हायचं कसं? तो मिटून आपल्या बैठकीवर टेकतो, तेवढ्या क्षणात बरीचशी उष्णता बैठकीतून हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. टेकणं हाच त्याचा विसावा. आता फट ठेवलीच नाही तर तापून लांब झालेली त्याची दांडी रॉकरला भिडते आणि तो पुरता टेकत नाही. टेकला नाही की थंड होत नाही, थंड झाला नाही की आणखी लांबतो. शिवाय मी गरम इंजिनावर काम केलं होतं. हेड ॲल्युमिनियमचं, ते तापल्यावर फुगतं, त्यामुळे ह्या इंजिनात गरम असताना फट थंडीपेक्षा जास्त भरते. म्हणूनच दोन वेगळे आकडे असतात. मी ती जास्तीची फटसुद्धा पिळून काढली होती. गार झाल्यावर काय उरलं असेल? वजाबाकी मास्तरांच्या मुलाला यायला हवी होती.

सैल टॅपेट वाजून सांगतो, थोडी ताकद खातो, रॉकर झिजवतो, पण वेळ देतो. आवळलेला टॅपेट आपल्याला बरं वाटेल असं वागतो. आणि हेही, की कोणी हात लावला नाही तरी वर्षानुवर्षं आपटून व्हॉल्व्ह बैठकीत रुतत जातो आणि फट आपोआप कमी होते. म्हणजे म्हातारं इंजिन गप्प होत चाललं असेल तर आनंद मानू नये.

नवा व्हॉल्व्ह बैठकीवर बसवताना मेस्त्रीने मलाच कामाला लावलं. कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची, रबराची टोपी असलेली काठी व्हॉल्व्हच्या तोंडाला चिकटवायची आणि दोन तळहातांमध्ये धरून फिरवायची. पुढे, मागे, मध्येच उचलून जागा बदलायची. हे तर ताक घुसळणं. रवी फिरवताना आईचे हात जसे चालत तसे माझे चालू लागले, तेव्हा मेस्त्रीने पहिल्यांदा मान डोलावली. आधी खरखर असा आवाज येतो, पेस्ट झिजली की तो मऊ होतो. पुसून बघायचं: बैठकीवर सगळीकडून सारखी, राखाडी, न तुटलेली एक रेघ दिसली पाहिजे. ती दिसेपर्यंत दुपार गेली. नवं गॅस्केट, नवा टायमिंग बेल्ट, हेडचे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, तीन खेपांत आवळलेले. शेवटी टॅपेट. ते त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार झाल्यावर केले. मी गेज घेऊन गेलो होतो.

तेव्हापासून हा ऑक्टोबरातला रविवार. पूर्वी मी एकटा करायचो. आता मुलगी तेरा वर्षांची आहे आणि तिला ढकलायचं काम आवडतं. ढकलायचं अशासाठी की प्रत्येक सिलिंडरचे टॅपेट तो सिलिंडर ‘वरती’ असताना, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना बघायचे, आणि त्यासाठी इंजिन हाताने थोडं थोडं फिरवावं लागतं. पाना घालून पुली फिरवता येते, पण सीटखाली वाकून पाठ मोडते. त्यापेक्षा तिन्ही प्लग काढून टाकायचे म्हणजे इंजिन अडत नाही, चावी बंद, चौथा गियर टाकायचा, आणि गाडी मागून ढकलायची. चाकं फिरली की इंजिन फिरतं. मी वाकून डिस्ट्रिब्यूटरमधल्या रोटरकडे बघत राहतो; ठिणगीची पाळी कुठल्या सिलिंडरची ते तो दाखवतो.

‘‘ढकल. ढकल... थांब! अगं थांब म्हटलं ना!’’

‘‘बाबा, तुम्ही थांब म्हणता तोपर्यंत ती गेलेली असते.’’

गंमत अशी की ह्या इंजिनाचा सगळा हिशेब तीन वितींत बसतो. चार स्ट्रोकला क्रँकच्या दोन फेऱ्या, म्हणजे 720 अंश. तीन सिलिंडरांत वाटले की प्रत्येकी 240. चौथ्या गियरात 240 अंश म्हणजे आंगणात साधारण एक वीत. पहिल्यांदा एक नंबर जमवायचा. मग एक वीत ढकललं की तीन नंबर वर येतो, आणखी एक वीत की दोन नंबर, कारण पेटण्याचा क्रम एक-तीन-दोन असा आहे. आणखी वीतभर गेलं की पुन्हा एक. मुलीने चिऱ्यांवर खडूच्या रेघाच मारून ठेवल्यात. आता ती रेघेवर चाक आणून स्वतःच थांबते आणि माझ्या ‘थांब’ची वाट बघत नाही.

मग गेज. पोलादाच्या पात्यांचा जुडगा, प्रत्येकावर जाडी कोरलेली. 0.15 चं पातं एवढं पातळ की फुंकरीने वाकेल. तेल लावून ते स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये सरकवायचं. आत गेलं पाहिजे, पण सुखासुखी नाही. जड पाटाखाली अडकलेला कागद ओढताना जशी ओढ लागते, फाटणार नाही पण सुटतही नाही, तशी लागली पाहिजे. ती ओढ सांगून समजत नाही. मी मुलीच्या हातात पातं दिलं आणि तिचा हात धरून ओढायला लावला. आधी सैल, मग घट्ट, मग बरोबर. ‘‘कळलं?’’ ‘‘हं.’’ खरी खोड नटाची. स्क्रू अगदी जागेवर आणावा, नट आवळावा, तर नटाबरोबर स्क्रूही बारीकसा फिरतो आणि फट मिटते. म्हणून एका हाताने स्क्रू धरून ठेवायचा, दुसऱ्या हाताने पाना, आणि आवळून झाल्यावर पुन्हा पातं घालून बघायचंच. मी तीन-तीनदा बघतो. कुणाचंही इंजिन असो, आकडा ज्याच्या त्याच्या पुस्तकातला घ्यावा, माझा उचलू नये. पण नट आवळल्यावर पुन्हा बघावं, हे मात्र कुठल्याही इंजिनाला लागू आहे.

बाकीची कामं त्या मानाने किरकोळ. तीन लिटरचा ऑइलचा डबा पुरतो. पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांच्या, तोंडावर काळपट खड्डा पडलेला असतो, तो बारीक पॉलिश पेपरने घासायचा, फट बघायची. हल्लीच्या पोरांनी पॉइंट पाहिलेलेच नसतात. कार्बोरेटरची वाटी उघडायची, तळाचा गाळ पुसायचा.

पण गोव्यात राहून पावसाळ्याबद्दल न बोलून कसं चालेल? इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात साखळी डोंगराच्या कुशीत. चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथे प्लगच्या वायरी काय वाळणार. दोन वर्षांपूर्वी जुलैत एका रात्री लाइट गेलेली, पाऊस कोसळत होता, गाडी पडवीच्या कडेला धक्के खात चालू होती. टॉर्च आणायला म्हणून मी वळलो आणि मुलगी म्हणाली, ‘‘टॉर्च नको. बघा.’’ कलंडलेल्या सीटखाली, काळोखात, वायरीच्या अंगावर निळ्या रेघा सरपटत होत्या. वायरीतून निघून हेडवर, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीच्या कडेवरून खाली, बारीक चटचट करत. दमटपणामुळे जो करंट प्लगमध्ये जायचा तो वाटेतच उड्या मारत होता. आम्ही दोघं बराच वेळ ते बघत बसलो. नवीन वायरींचा संच शंभर मैलांवरून का होईना मिळाला असता, पण त्या रात्री गाडी लगेच बंद करायला हवी होती हे आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

आणि आता पेट्रोल. 6 फेब्रुवारी 2023 ला वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशात सुरू झालं आणि पुढे पंपापंपावर तेच आलं. त्यावर भांडणारे भांडोत. माझ्यापुरतं एवढंच की ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि आमच्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही. गाडी महिनाभर उभी राहिली तर ते पाणी इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी वेगळं बसू शकतं, आणि नळी तर तळातूनच ओढते. जुन्या रबराच्या नळ्या त्याने फुगतात, मग तडकतात. मी त्या बदलल्या, टाकी रिकामी ठेवत नाही, आणि आठवड्यातून दोनदा तरी गाडी बाजारापर्यंत नेतो. शिवाय इथेनॉलमध्ये आधीच प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या पेट्रोलच्या मापाने केलेल्या कार्बोरेटरच्या जेटला ते मिश्रण पातळ पडतं. पातळ मिश्रणाने इंजिन जास्त तापतं, आणि तापलं की पहिला मार कोणाला, तर पुन्हा त्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हलाच. म्हणून पूर्वी मी टॅपेट आकड्याला अगदी नेमके ठेवत असे, आता एक्झॉस्टचे तीन जरासे सैलाकडे ठेवतो. थोडा आवाज वाढलाय. वाढू दे.

ह्या रविवारी सहाही जमले, कव्हर लागलं, प्लग बसले. अकरा वाजून गेले होते. गाडी चालू केली आणि टिकटिक ऐकत उभा राहिलो, तर पडवीतून काठीचा आवाज आला. अण्णांना चौऱ्याऐंशी लागलंय. कानाला यंत्र आहे, पण इंजिनाजवळ ते शिट्टी मारतं, म्हणून त्यांनी ते काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. नातीकडे हात पुढे केला. तिने न विचारता त्यांना लांब स्क्रू ड्रायव्हर दिला.

त्यांनी त्याचं टोक टॅपेट कव्हरवर, पुढच्या बाजूला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं काठीवर हलत होती, पण पेटीवरच्यासारखी नाही. नुसती मोजत असल्यासारखी. मग टोक थोडं मागे सरकवलं. मधोमध थांबले. पुन्हा पुढे, पुन्हा मधोमध. नरकासुरवाली पोरं बांबू टाकून बघायला आली होती आणि त्यांच्यातलं कोणीही हसलं नाही.

‘‘दोन नंबरचा वाजतोय,’’ अण्णा म्हणाले.

मी पाना उचलला. इंजिन गार व्हायला संध्याकाळ होणार, मग पुन्हा कव्हर काढायचं, पुन्हा ढकलायचं.

‘‘नको. राहू दे,’’ ते म्हणाले, आणि स्क्रू ड्रायव्हर काही त्यांनी परत दिला नाही.